मोहाचा आंब आणि जनुकांची वाट



चैत्रात कुरखेड्याच्या रानात मोह गळतो. फुले ओली राहिली की आपोआप आंबतात. त्यांत कोणी काही घालत नाही. आंबवणारा जीव डोळ्यांना दिसत नाही, त्याला यीस्ट म्हणतात. आपल्या जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती मला मान्य आहे. पण हा सूक्ष्म मजूर केवळ दारू करत नाही, औषधही करतो. त्याचीच ही हकिकत.

1978 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी पावाच्या यीस्टमध्ये बाहेरून जनुक घातले. गोगलगाईच्या पाचकरसाने त्यांनी पेशीची भिंत विरघळवली, जनुक आत जाऊ दिले आणि भिंत पुन्हा वाढू दिली. काम फार किचकट. 1983 साली जपानमध्ये इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंत न पाडता, लिथियमच्या क्षाराने तेच साधले.

पण ही रीत इतर यीस्टांना जशीच्या तशी लागू पडेना. प्रत्येकाची भिंत निराळी. शिवाय पावाचे यीस्ट नवे जनुक जुळत्या जागी बसवते; इतर अनेक ते सापडेल तेथे जोडतात. मला याचे नवल वाटले नाही. गिरणीच्या फाटकावरचे भाषण तेंदूपानाच्या फळीवर चालत नाही, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. मेथॅनॉलवर वाढणाऱ्या पिकियासाठी 1985 साली आणि हान्सेन्युलासाठी 1986 साली शास्त्रज्ञांनी वाट पाडली. पुढे विजेच्या झटक्याने पेशीच्या पडद्याला क्षणभर छिद्रे पाडणे आले. भलत्या जागी सांधणारी यंत्रणा बंद करणेही आले.

फळ काय? 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने पिकियापासून हिपॅटायटिस-बीची लस काढली, ती परदेशी लशीहून पुष्कळ स्वस्त. 2003 साली मुंबईच्या वोक्हार्टने हान्सेन्युलापासून इन्सुलिन बाजारात आणले.

उद्या आपल्या मोहफुलावरचे यीस्ट कोणी प्रयोगशाळेत नेले तर? 2002 चा जैवविविधता कायदा सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानतो आणि लाभाच्या न्याय्य वाटणीची तरतूद करतो. गावाच्या नोंदवहीत आपण झाडे आणि पाखरे लिहितो. मोहफुले कशी वेचतात, वाळवतात, साठवतात, हेही लिहून ठेवा. शास्त्राला आपला विरोध नाही. मात्र हिशेब मागण्याची सवय सोडू नका.