एसयूव्हीचा सायलेन्सर सडलाय? नवा टाकताना गाडी शांत राहील याची खात्री अशी करा

सात-आठ वर्षं वापरलेली एसयूव्ही. परवापर्यंत गुमान चालायची आणि आता सकाळी स्टार्टर मारला की अख्ख्या सोसायटीला कळतं, साहेब ऑफिसला निघाले. गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक खाली वाकून बघतो आणि म्हणतो, "डबा गेलाय. ओरिजिनल टाकू, लोकल टाकू, की बनवून देऊ?"

इथे बहुतेक जण फक्त किंमत विचारतात आणि मोकळे होतात. मग महिनाभराने कळतं की बाहेरचा आवाज कमी झालाय, पण हायवेला गाडीत बसल्यावर कानात सतत घुमतंय. सोशल मीडियावर सायलेन्सरचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण बहुतेक सगळे पुंगळी वाजवण्याचे. गाडी शांत कशी ठेवायची, हे मात्र त्यात सापडत नाही.

आधी हे बघा, आवाज सायलेन्सरचाच आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. डिझेल इंजिनाची जी टकटक ऐकू येते ती इंजिनाच्या आतली असते. कितीही भारी सायलेन्सर टाकला तरी ती जाणार नाही. ताशी ५०च्या पुढे गेलं की टायरचा आवाज वाढत जातो, आणि जाड नक्षीचे ऑफरोड टायर टाकले असतील तर बोलायलाच नको.

थंड गाडी सुरू केल्यावर बॉनेटच्या बाजूने फट-फट किंवा फुस्स-फुस्स येत असेल तर पुढचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. पॅकिंग डब्याच्या मानाने अगदी स्वस्त असतं. खालून पत्रा खडखडत असेल तर बऱ्याचदा फक्त उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा बोल्ट ढिला असतो. गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर हाताने ठोका. आत काहीतरी सुटं वाजलं तर आतले पडदे तुटलेत. जोडावर काळी काजळी दिसली तर तिथून गॅस बाहेर पडतोय.

डबा सडतो कसा?

बाहेरून चिखल-पाण्याने सडतोच, पण आतूनही सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पण रोज दोन किलोमीटरवर ऑफिस किंवा शाळा असेल तर डबा पुरेसा तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा खातं. कोकणात आणि मुंबईत खारी हवा त्यात भर घालते.

बऱ्याच डब्यांना खाली एक बारीक भोक असतं. ते पाणी निघून जावं म्हणून कंपनीनेच ठेवलेलं असतं. "साहेब, लीक आहे, वेल्डिंग मारून टाकतो" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

आत नेमकं काय असतं?

आवाज दाबणाऱ्या या डब्याचं पेटंट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ मध्ये घेतलं. तत्त्व अजून फारसं बदललेलं नाही. इंजिनातून गॅस ठोक्याठोक्याने बाहेर येतो आणि हे ठोके मऊ करायचे असतात. ते दोन पद्धतींनी होतं.

पहिल्या पद्धतीत डब्यात कप्पे असतात. गॅस वळणं घेत जातो, ध्वनिलहरी एकमेकींवर आपटून विरतात. जाड, घुमणारा आवाज दाबायला ही पद्धत चांगली. दुसऱ्या पद्धतीत सरळ आरपार नळी असते, तिला भोकं पाडलेली असतात आणि भोवती काचेची लोकर भरलेली असते. बारीक, कर्कश आवाज ती छान शोषते, पण घुमणाऱ्या आवाजासमोर कमी पडते. शिवाय काही वर्षांत लोकर जळते, उडते किंवा ओली होऊन दबते, आणि गाडी हळूहळू परत बोलायला लागते. कंपनीच्या डब्यात अनेकदा दोन्हींची सांगड असते.

म्हणून दुकानात डबा हातात घ्या आणि एका टोकाने मोबाईलचा टॉर्च मारा. दुसऱ्या टोकाला उजेड आरपार दिसला तर तो सरळ नळीचा आहे. शांत गाडी हवी असेल तर ठेवून द्या. मग वजन बघा आणि आकार जुन्याशी ताडून पाहा. डब्यात जागा जितकी जास्त, तितका जाड आवाज चांगला दबतो. छोटा, चकचकीत, स्पोर्ट्स लिहिलेला डबा दिसायला भारी असतो, एवढंच.

एसयूव्हीला त्रास जास्त का?

सेडानला डिकी वेगळी असते. एसयूव्हीची केबिन मात्र मागच्या दारापर्यंत एकच पेटी. या पेटीत ठरावीक कंपनं घुमतात. चार सिलिंडरचं इंजिन १८०० आरपीएमवर फिरतं तेव्हा सेकंदाला ६० ठोके बाहेर पडतात, २४०० वर ८०. हायवेला टॉप गिअरमध्ये डिझेल गाडी नेमकी याच टप्प्यात असते. पुणे ते कोल्हापूर चार तास हे घुमणं ऐकलं की डोकं धरतं, आणि गंमत म्हणजे रस्त्यावर उभ्या माणसाला तीच गाडी फारशी मोठी वाटत नाही.

हे घुमणं मारायला मुख्य डब्याच्या पुढे एक छोटा डबा असतो, रिझोनेटर. स्वस्तात काम करताना सर्रास तोच उडवून तिथे सरळ पाईप टाकला जातो. "काही फरक पडत नाही" असं सांगितलं जातं. फरक पडतो, फक्त तो गॅरेजच्या दारात कळत नाही. पाईपची जाडीही जुनी होती तेवढीच ठेवा. मोठा पाईप टाकून साध्या गाडीला ताकद मिळत नाही, आवाज तेवढा मिळतो.

ओरिजिनल, लोकल की बनवून?

माझं मत सरळ आहे. शांतता हाच हेतू असेल तर कंपनीचा डबा. त्या गाडीचं इंजिन, केबिन आणि वजन समोर ठेवून तो बसवलेला असतो. महाग पडतो, पण त्याच्या जवळपास जाणारा दुसरा पर्याय म्हणजे चांगल्या ब्रँडचा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि मूळ रचनेचाच डबा. आयात केलेला असेल तर त्यावर वर्तुळात किंवा चौकोनात इंग्रजी ई आणि आकडा कोरलेला आहे का बघा. ही युरोपातल्या मंजुरीची खूण, आणि आकडा देशाचा असतो. ई १ म्हणजे जर्मनी, ई ४ म्हणजे नेदरलँड्स. नुसतं स्टिकर असेल तर मनावर घेऊ नका.

बनवून घेतलेला डबा कारागिरावर अवलंबून असतो. हात चांगला असेल तर काम उत्तम होतं, पण आत कप्पे किती आणि कसे टाकलेत, हे वेल्डिंग झाल्यावर कुणालाच दिसत नाही. जुनी, पार्ट न मिळणारी गाडी असेल तरच या वाटेने जा.

पत्र्याचं म्हणाल तर साधा पत्रा लवकर सडतो, ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला बरा टिकतो आणि स्टीलचा सगळ्यात जास्त. स्टीलमध्येही ४०९ आणि ३०४ असे प्रकार असतात. ३०४ गंजाला जास्त दाद देत नाही आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. दुकानदार ३०४ चा भाव लावत असेल तर खिशात चुंबक ठेवा.

इथे अजिबात तडजोड नको

डब्याच्या पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ च्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ. "हे काढून टाकू, ॲव्हरेज वाढेल" हा सल्ला मोफत मिळतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, त्यामुळे जुन्याला भंगारात चांगली किंमत येते. तो खरंच खराब असेल आणि बदलावा लागला तर जुना परत मागा. शिवाय हे भाग आवाजही दाबतात. ते काढले की नवा डबा टाकूनही गाडी मोठीच वाजते.

गळती तर त्याहून गंभीर. पेट्रोल गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. जोड केबिनखाली गळत असेल आणि मागची काच उघडी असेल तर हा वायू आत ओढला जातो. एसी लावून उभ्या गाडीत झोपलेल्या माणसाला उठायची संधीही मिळत नाही. तेव्हा डबा फुटलाय पण "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत असाल, तर मागच्या सीटवर कोण बसतं ते एकदा आठवा.

कायद्याचंही थोडक्यात. नव्या प्रवासी कारसाठी आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर माईक ठेवून ती मोजतात. पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी एक संस्था. रस्त्यावर आवाजाचे किंवा हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने जातं. सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतानाचे पोलिसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

पैसे देण्याआधी

नवा डबा टाकताना रबरी हँगर आणि पॅकिंगही नवी टाकून घ्या. कडक झालेलं रबर कंपनं थेट बॉडीत पाठवतं, आणि मग दोष नव्या डब्याला दिला जातो.

मोबाईलमधलं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण तुलनेला चालतं. काम करण्याआधी आणि नंतर, तोच फोन, तीच जागा, तेवढाच आरपीएम. तीन डेसिबल कमी झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा एक चक्कर महत्त्वाची. मेकॅनिकला शेजारी बसवा, काचा बंद करा, रेडिओ बंद करा, आणि वरच्या गिअरमध्ये १५०० ते २५०० आरपीएममध्ये गाडी चालवून बघा. घुमलं तर तिथूनच मागे वळा.

पहिल्या एक-दोन दिवसांत खालून थोडा धूर किंवा तेलकट वास आला तर घाबरू नका, नव्या पत्र्यावरचं तेल जळत असतं. चारपाचशे किलोमीटर झाल्यावर मात्र एकदा गाडी वर उचलून सगळे बोल्ट परत आवळून घ्या.