आश्रयदाता गेल्यावर : हैदराबाद, गोवा, कतार

विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. अंबाजोगाईत कुस्ती आहे, कबड्डी आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉलचं इथं काय काम? पण फार लांब जायला नको. 1950 साली आपलं गाव हैदराबाद राज्यात होतं. त्याच वर्षी हैदराबाद सिटी पोलीस या संघानं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला आणि 1954 पर्यंत, सलग पाच वर्षं, तो कोणाला घेऊ दिला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि 1962 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, ते याच रहीमसाहेबांच्या हाताखाली.

या संघाला आश्रय पोलीस खात्याचा होता. खेळाला आश्रय लागतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारायचं ते एवढंच, की आश्रयदाता त्या बदल्यात काय घेतो, आणि तो उठून गेला की मागं काय उरतं?

आता गोव्याकडं बघा. तिथल्या लोहखनिजाला पोर्तुगीज काळातच जपानची बाजारपेठ मिळाली. खाणीतून घराणी श्रीमंत झाली आणि त्यांनी फुटबॉलचे संघ पोसले. साळगावकर आणि डेंपो ही त्यातली मोठी नावं. भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकरचेच. 2007-08 मध्ये आय-लीग सुरू झाली. पहिली सहा वर्षं तिचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही : डेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढंसं राज्य, आणि कोलकात्यासारखं शहर बघत राहिलं!

2012 च्या सप्टेंबरात, शहा आयोगाच्या अहवालानंतर, गोव्यातलं खाणकाम थांबलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही बंदी घातली. 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. आता इथं घाई करू नका. खाण बंद म्हणून संघ बंद, असं सरळ गणित मांडता येत नाही. डेंपोंनी खाण व्यवसाय 2009 लाच सेसा गोवाला विकला होता. शिवाय 2016 ला या संघांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं : महासंघ नव्या इंडियन सुपर लीगला वरचं स्थान देणार आणि जुन्या संघांना खाली बसवणार, याला त्यांचा विरोध होता. म्हणजे पैसा आटला एवढंच घडलं नाही. मैदानावर मान कोणाला द्यायचा, हे ठरवणारा माणूसच बदलला.

हा नवा माणूस कोण? 2010 मध्ये महासंघानं आयएमजी-रिलायन्सशी 15 वर्षांचा, 700 कोटींचा करार केला. त्यातून 2014 ला सुपर लीग उभी राहिली. करार संपत आला, नवा ठरेना, आणि 2025 च्या जुलैत आयोजकांनी पुढचा हंगामच स्थगित ठेवला. मैदानं होती, खेळाडू होते, प्रेक्षक होते. नव्हता तो फक्त कागद.

हेच मोठ्या पटावर आखातात दिसतं. कतारच्या समुद्रातला प्रचंड वायुसाठा सापडला 1971 ला, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी. 2010 मध्ये विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, 2011 मध्ये पॅरिसचा पीएसजी क्लब विकत घेतला. अबुधाबीच्या शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी 2008 लाच घेतला होता. सौदीच्या गुंतवणूक निधीनं 2021 ला न्यूकॅसल घेतला. तेल-वायू कधीतरी संपणार, तोवर जगात नाव आणि वजन कमवून ठेवायचं, असा हा हिशेब आहे. यात मूर्खपणा नाही, दूरदृष्टी आहे. पण 2022 ची ती स्टेडियमं नेपाळ, बांगलादेश आणि आपल्या देशातल्या मजुरांनी बांधली. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी कोयते बांधून लोक ऊसतोडीला जातात, तिथं बसून आपण हे विसरू नये. चषक उंचावलेला सगळ्यांना दिसतो. पाया खणणारा कॅमेऱ्यात येत नाही.

हा पैसा आपल्याकडंही आला. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहानं 2019 मध्ये मुंबई सिटी संघाचा 65 टक्के हिस्सा घेतला. 2025 संपता संपता तो सोडूनही दिला. हिशेब जुळेना, निघाले. त्यांना दोष कसा देणार? गुंतवणूकदाराचा धर्मच तो.

मग टिकतं काय? कोल्हापूर बघा. तिथं खेळाला आश्रय छत्रपतींचा होता. 1949 ला संस्थान विलीन झालं, राजाश्रयाचा काळ संपला, पण फुटबॉल संपला नाही. कारण तिथले संघ पेठांच्या तालमींचे आहेत : पाटाकडील, खंडोबा, फुलेवाडी. शाहू स्टेडियमवर आजही गर्दी होते ती पेठेच्या अभिमानापोटी. कोल्हापूरनं आय-लीग जिंकली नाही, हे खरं. पण 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

तत्त्वज्ञानात आपण साधन आणि साध्य असा भेद करतो. खाणमालकाला, वाहिनीला, अमीराला खेळ हे साधन. पेठेतल्या पोराला तो साध्य. दोघं एकाच मैदानावर उभे असतात, म्हणून आपली फसगत होते. पैसेवाल्याला हाकलून द्या, असं मी म्हणत नाही. त्याच्या पैशानं मैदान होत असेल, शाळेला प्रशिक्षक मिळत असेल, तर जरूर घ्यावा. कारण तो गेल्यावर या गोष्टी मागं राहतात. विकत आणलेला मोठा खेळाडू राहत नाही. डेंपोचा संघ 2024-25 ला पुन्हा आय-लीगमध्ये खेळला, तेही वरून मिळालेल्या मानानं नव्हे, खालच्या पायरीवरून खेळत वर येऊन.

आपल्या गावात उद्या कोणी साखरवाला, बांधकामवाला किंवा पुढारी आपल्या नावाचा चषक घेऊन येईल. आनंदानं स्वागत करा. फक्त एक विचारा : चषक झाल्यावर मैदानाला पाणी कोण मारणार?