मनमाडला गाडी बदलणे आणि संगणकाच्या आज्ञा

नव्वदच्या दशकापूर्वी ज्यांनी सेलूहून मुंबईचा प्रवास केला, त्यांना मनमाड स्टेशन चांगले आठवत असेल. सिकंदराबादकडून परभणी, सेलू, जालना करत येणारा मीटरगेज मार्ग मनमाडला संपे. या मार्गावर दोन रुळांतील अंतर १ मीटर, तर पुढे मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेजवर ते १.६७६ मीटर. माणसे सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसत. मालाची पोती एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावी लागत. गाडी धडधाकट, रूळही धडधाकट, तरी त्यांचे एकमेकांशी जमत नसे. नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला आणि हा प्रश्न सुटला.

संगणकाच्या जगातही असेच एक मनमाड आहे. तिथला प्रश्न मात्र सगळे रूळ उखडून सुटला नाही. तो कसा सुटला, आणि किती सुटला, हे या लेखात आपण पाहू.

शेल स्क्रिप्ट म्हणजे काय?

संगणकाला एकेक आज्ञा टंकलिखित करून देता येते. ती आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. आज्ञांची यादी एका फाइलमध्ये लिहून ठेवली, की ती झाली शेल स्क्रिप्ट. समजा, सेलूच्या एका शाळेत एका शिक्षकाने अशी यादी लिहिली : प्रत्येक तुकडीच्या गुणांची फाइल उघड, गैरहजर विद्यार्थी वेगळे काढ, नावे क्रमाने लाव आणि आजच्या तारखेच्या नावाने फाइल साठव. दोन दिवसांचे काम दोन मिनिटांत होऊ लागले. काही वर्षांनी शाळेत दुसरा संगणक आला आणि तीच यादी तिसऱ्या ओळीवर अडली. गुण तेच, तर्क तोच. बदलली ती फक्त आज्ञा समजून घेणाऱ्याची बोली.

एका घराच्या अनेक वाटण्या

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. त्या काळी अशी प्रणाली एकाच जातीच्या यंत्रासाठी, त्या यंत्राच्याच भाषेत लिहिली जाई. यंत्र मोडीत निघाले, की प्रणालीही गेली. १९७३ मध्ये युनिक्स ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यानंतर ती नव्या यंत्रावर नेणे शक्य झाले. यंत्र बदलले तरी प्रणाली टिकू शकते, हे तिने दाखवून दिले.

पण जी प्रणाली सगळीकडे जाते, ती सगळीकडे थोडीथोडी बदलतेही. विद्यापीठांना युनिक्स मूळ मजकुरासह मिळत असे, त्यामुळे ज्याला जे उणे वाटले ते त्याने भरून काढले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. त्याच सुमारास बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी वेगळ्या धाटणीचा सी-शेल लिहिला. १९८३ मध्ये डेव्हिड कॉर्न यांचा शेल जाहीर झाला. संगणक विकणाऱ्या कंपन्यांनीही आपापली युनिक्स बाजारात आणली.

या भाऊबंदकीचा फटका अगदी साध्या आज्ञेलाही बसला. ‘एको’ ही आज्ञा पुढे दिलेला मजकूर पडद्यावर छापते आणि नवी ओळ सुरू करते. नवी ओळ नको असेल तर काय लिहायचे? सातव्या आवृत्तीत आधी ‘-एन’ लिहायचे, तर सिस्टिम फाइव्ह या शाखेत मजकुराच्या शेवटी तिरकी रेघ आणि ‘सी’. एका घरातली खूण दुसऱ्या घरात नेली, की ती खूण म्हणून न वाचली जाता मजकूर म्हणून छापली जाई.

पुण्यातील तीन ‘परम’

हा प्रश्न आपल्यापासून दूर नव्हता. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला. पुढचा परम १०००० (१९९८) सन कंपनीच्या प्रोसेसरांवर उभारला होता आणि त्यावर सोलारिस ही युनिक्स चाले. २००३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या परम पद्मवर आयबीएमचे प्रोसेसर होते आणि एआयएक्स ही युनिक्स. २००८ चा परम युवा इंटेलच्या प्रोसेसरांवर, लिनक्ससह आला. दहा वर्षांत एकाच संस्थेत युनिक्सची तीन घराणी नांदली.

तिन्हींवर ‘एसएच’ याच नावाने शेल बोलावता येई. नावामागचा प्रोग्रॅम मात्र वेगळा. त्या काळच्या सोलारिसवर तो जुना बॉर्न शेल होता, एआयएक्सवर कॉर्न शेल, तर लिनक्सवर बहुधा ‘बॅश’. एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेत वापरायचे असेल तर आज लोक डॉलरचे चिन्ह आणि कंस लिहितात. जुन्या बॉर्न शेलला ही खूण कळतच नसे. त्याला उलटी अवतरणचिन्हे लागत. सोलारिसने ही जुनी बोली हट्टाने जपली, असे वाटेल. पण तिच्या ग्राहकांच्या जुन्या स्क्रिप्ट त्याच बोलीवर चालत होत्या. त्या मोडू नयेत, म्हणून प्रमाण शेल वेगळ्या जागी ठेवला होता.

प्रमाण भाषा आणि बोली

परभणीकडची बोली वेगळी, कोकणातली वेगळी. तरी दोघांचे पत्र एकमेकांना वाचता येते, कारण लिहिताना दोघेही प्रमाण मराठीचा आधार घेतात. युनिक्सवाल्यांनी हाच मार्ग धरला. १९८८ मध्ये ‘पॉसिक्स’ हे प्रमाण प्रसिद्ध झाले; हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले होते. शेल आणि नेहमीच्या आज्ञा यांचा भाग १९९२ मध्ये आला. त्यात कोणाचीही बोली रद्द केली नव्हती. सर्वांना इतके तरी यावे, एवढेच ठरवले होते. ‘एको’च्या भांडणात तर प्रमाणाने निवाडाच केला नाही, त्याऐवजी ‘प्रिंटएफ’ ही आज्ञा वापरा, असे सुचवले.

दुसरा मार्ग १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांच्या ‘ऑटोकॉन्फ’ने रुळवला. त्यातून तयार होणारी स्क्रिप्ट काम सुरू करण्याआधी संगणकाची परीक्षा घेते. ती ‘तू कोणत्या कंपनीचा?’ यापेक्षा ‘तुला हे येते का?’ असे विचारते. एकेक छोटा प्रयोग करून पाहते आणि उत्तराप्रमाणे पुढे जाते. मुलाचे गाव विचारून त्याची पातळी ठरवू नये, त्याला गणित घालून पाहावे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तरीही प्रमाण पाळले जाते ते गरज पडेल तेवढेच. लिनक्सवर ‘बॅश’ सर्वत्र झाला आणि लोक त्याच्या खास सोयी ‘एसएच’च्या नावाखाली वापरू लागले. २००६ मध्ये उबुंटू लिनक्सने ‘एसएच’च्या जागी ‘डॅश’ हा लहान आणि वेगवान शेल बसवला, आणि अशा कितीतरी स्क्रिप्ट बंद पडल्या. चूक डॅशची नव्हती. आपण बोलीत लिहीत आहोत, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

हजेरीपटातील क्षितिजा

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. ‘सॉर्ट’ ही आज्ञा नावे क्रमाने लावते. पण क्रम कोणता, हे संगणकावरील भाषेच्या मांडणीवर अवलंबून असते. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. युनिकोडमध्ये मात्र ‘क्ष’ला स्वतंत्र अंक नाही, तो क, हलन्त आणि ष मिळून लिहिला जातो. नुसत्या अंकांप्रमाणे क्रम लावला, तर क्षितिजा ‘क’च्या मुलींत, क्रांतीच्या पाठोपाठ बसते. मराठी वर्णक्रम लावला, तर ती यादीच्या टोकाला जाते. अशा वेळी संगणक चूक झाल्याचा संदेशही देत नाही. दोन्ही याद्या नीटनेटक्या दिसतात, पण एकीचे गुण दुसरीच्या नावापुढे जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणता क्रम हवा, हे स्क्रिप्टच्या आरंभीच लिहून ठेवावे.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. दहा नावे फळ्यावर लिहा. त्यांत क्षितिजा, ज्ञानेश्वर, क्रांती आणि कमल असू द्या. दोन गटांना एकच आज्ञा द्या : ‘नावे क्रमाने लावा.’ एका गटाला वर्णमाला द्या, दुसऱ्याला युनिकोडचा अक्षरतक्ता. याद्या जुळेपर्यंत आज्ञेत कोणते शब्द वाढवावे लागतात, ते मुलांनाच शोधू द्या.

सेलूसारख्या गावातील शाळेला कोणता संगणक मिळेल, हे शाळेच्या हाती क्वचितच असते. आपली आज्ञा कशी लिहावी, हे मात्र नक्की आपल्या हाती असते. आपल्या यंत्राला काय कळते एवढेच न पाहता, पुढे येणाऱ्या अनोळखी यंत्रालाही काय कळेल याचा विचार करून लिहिले, तर आपली पोती मनमाडला उतरवावी लागत नाहीत.