आळेफाटा : चौरस्ता, वस्ती आणि पादचारी

‘फाटा’ हा शब्द मुळात गावाचा नव्हे, रस्त्याचा आहे. झाडाला फांदी फुटावी त्याप्रमाणे मुख्य मार्गापासून एखाद्या गावाकडे जाणारी वाट जेथे फुटते, ते ठिकाण म्हणजे फाटा. जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव जुने. ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी म्हणून त्याची ख्याती आहे. आळेफाटा मात्र पुणे–नाशिक आणि कल्याण–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे दोन मार्ग परस्परांस छेदतात त्या बिंदूभोवती उभा राहिला. येथे रस्ता आधी आणि घर नंतर, असा क्रम आहे. पायी चालणाऱ्याच्या वाट्याला या वस्तीत जे आले, त्याचा उगम या क्रमात शोधावा लागतो.

जुन्नरची गोष्ट वेगळी. सातवाहन काळापासून घाटावरचा माल नाणेघाटातून कल्याण–सोपाऱ्याकडे उतरत असे. या घाटात खडक तासून केलेली वाट, फरसबंदी, पाण्याची टाकी आणि विश्रांतीची लेणी आजही दिसतात. तेथील दगडी रांजण जकातीचा होता, ही समजूत खरी असो वा नसो. ज्याच्यासाठी वाट त्याच्याचसाठी पाणी आणि सावली, हा विचार त्या रचनेत स्पष्ट आहे. वाटसरू आणि लादलेला बैल हेच तिचे माप होते. जुन्नरच्या पेठांतील गल्ल्याही याच मापाच्या. तेथे निराळा पदपथ नव्हता, कारण सगळी गल्लीच पदपथ होती. घराचा ओटा ही तिची कडा. येथील नगरपालिका १८६१ साली स्थापन झाली. पुढे जिल्हा नगरपालिकांच्या १९०१ च्या कायद्याने, पुढे आलेले घर पुन्हा बांधताना मागे घ्यावयास लावण्याचा अधिकार अशा संस्थांस दिला. मात्र जुन्या शहरांतून अशा रीतीने सुटलेली पट्टी बहुधा वाहनांच्या वाट्यास गेली, चालणाऱ्याच्या नव्हे.

फाट्यावर हा प्रश्न अधिक उघडा पडतो. विसाव्या शतकातील रस्तेविषयक धोरण मोटारीच्या आगमनाने घडले. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने रस्ते हा अखिल भारतीय प्रश्न मानला. १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही तिची फलिते. १९४३ च्या नागपूर परिषदेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी ठरवली. या प्रतवारीत गाव हे जोडावयाचे ठिकाण आहे. गावातून जाणारा रस्ता हा त्या गावाचा बाजार, अंगण आणि शाळेची वाटही असतो, याची नोंद तीत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतरच्या दशकांत जेथे एक गाडी सोडून दुसरी धरावयाची, त्या चौरस्त्यांना नवे महत्त्व आले. प्रवासी उतरतो तेव्हा तो पादचारी होतो, आणि पुढची गाडी बहुधा रस्त्यापलीकडे असते! आळेफाट्यास याच्या जोडीला कांद्याचा आणि जनावरांचा बाजार मिळाला.

रस्त्याकडेने ओळीने वाढणाऱ्या वस्तीचा धोका शासनास ठाऊक नव्हता असे नाही. इंग्लंडमध्ये १९३५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. मुंबई राज्याच्या १९५५ च्या महामार्ग अधिनियमात महामार्गाची हद्द, इमारतरेषा आणि नियंत्रणरेषा आखण्याची तरतूद आली. परंतु या रेषांचा हेतू मुख्यतः पुढील रुंदीकरणासाठी जागा राखणे हा होता. राखलेली जागा रुंदीकरण होईपर्यंत कोणाची, याचे उत्तर हातगाड्यांनी, दुकानांच्या पायऱ्यांनी आणि उभ्या वाहनांनी आपापल्या परीने दिले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीस दिला खरा. पण महामार्ग पंचायतीचा नव्हे, आणि आळेफाट्याची वस्ती तर आळे व वडगाव आनंद अशा दोन गावांच्या हद्दींत विभागलेली. ज्याच्या दारातून रस्ता जातो त्याच्याकडे रस्ता नाही, आणि ज्याच्याकडे रस्ता आहे त्याला दार दिसत नाही. हातगाडीवाल्यास या अव्यवस्थेचे मूळ समजणे हा उतावळा निष्कर्ष होय. गिऱ्हाईक जेथे उतरते तेथेच तो उभा राहतो.

बाह्यवळण हा यावरील रूढ उपाय. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशा गावांतून जाणारी दूरची वाहतूक बाहेरून नेता येते व जुना रस्ता गावास परत मिळण्याची शक्यता निर्माण होते. चौरस्त्याचे तसे नाही. एका मार्गास वळण दिले तरी दुसरा उरतो, आणि गाडी बदलणारा प्रवासी तर दोन्ही मार्गांचा असतो.

पादचाऱ्यासाठीचे निकष इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये प्रसिद्ध केले व २०१२ मध्ये सुधारले. सुधारित निकषांनुसार निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर मोकळा पदपथ असावा, त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि पेठांतील लक्ष्मी रस्ता डिसेंबर २०२१ मध्ये एक दिवस केवळ चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. ज्या शहरात पालिका आहे तेथे निदान एवढा प्रयोग शक्य झाला. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ३२,८२५ पादचारी होते. नाणेघाटाच्या वाटेवर टाकी कोरणाऱ्यास वाटसरू कोठे थांबेल हे ठाऊक होते. आळेफाट्यावर तो कोठे थांबतो, कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस जातो, बाजाराच्या दिवशी त्या ओघात काय फरक पडतो, हे प्रत्यक्ष उभे राहून मोजता येते. २.५ मीटरची पट्टी कोठे आखावयाची, हे त्या मोजणीवाचून ठरणार नाही.