'ढ' ही पदवी कोण देतं?

मराठीत एका अक्षरात पोराचा निकाल लावता येतो. 'ढ'. हुशार मुलं 'अ' तुकडीत आणि उरलेली शेवटच्या तुकडीत, हे आपल्यातल्या कित्येकांनी पाहिलंय, भोगलंय. शेवटच्या तुकडीतल्या पोराला जूनमध्येच कळतं की वार्षिक परीक्षेत त्याच्याकडून कुणाला काही अपेक्षा नाही.

सध्या गुणवंतांच्या सत्कारांचा हंगाम आहे. प्रत्येक पाहुणा सांगतो, "आत्मविश्वास ठेवा, यश आपोआप येईल." वीस वर्षं ही भाषणं वहीत उतरवतोय. म्हटलं, हे खरंच कुणी तपासलंय का ते बघू.

तपासलंय. आणि चक्क सरकारी खर्चाने. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जॉन व्हास्कॉन्सेलोस नावाचे एक आमदार होते. मुलांना स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की नापास होणं, व्यसनं, गुन्हेगारी सगळंच कमी होईल, असा त्यांचा ठाम विश्वास. त्यांच्या आग्रहावरून १९८६ मध्ये आत्मसन्मान वाढवण्यासाठी राज्याने खास समितीच नेमली. व्यंगचित्रकारांनी खिल्ली उडवली, तरी १९९० मध्ये अहवाल आला आणि शाळाशाळांतून 'तू खास आहेस'चा गजर सुरू झाला. गंमत म्हणजे समितीसाठी पुरावे गोळा करणाऱ्या प्राध्यापकांनी आदल्याच वर्षी पुस्तकात लिहून ठेवलं होतं की हा संबंध फारच कमजोर दिसतो. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास चाळले. स्वतःबद्दल चांगलं वाटतं म्हणून मार्क वाढतात, याला फारसा आधार सापडला नाही. उलट चांगले मार्क मिळाले की स्वतःबद्दल चांगलं वाटतं, हे जास्त पटण्यासारखं निघालं.

आपल्याकडेही दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' जाऊन 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा आला. शब्द मऊ झाला. गणित होतं तिथंच राहिलं.

मग मुलाच्या मनातल्या विश्वासाला काहीच किंमत नाही का? आहे, पण तो विश्वास नेमका लागतो. 'मी भारी आहे' असा नाही, तर 'ही वजाबाकी मला जमते' असा. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या असलेल्या चाळीस मुलांवर एक प्रयोग केला. बेचाळीस पानांची उदाहरणं, सात बैठका. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत बेचाळीस पानं संपवा. काहींना सांगितलं, आज फक्त सहा पानं. रोज सहा पानं संपवणाऱ्यांची वजाबाकी सुधारली, आपल्याला जमतं हा भरवसा वाढला, आणि ज्या विषयाचा कंटाळा होता त्यात गोडीही लागली. भाषण कुणीच दिलं नव्हतं.

पण असा कमावलेला भरवसा एका वाक्यात पाडताही येतो. हे कळायला अमेरिकेत जायची गरज नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं सवर्ण, ३२१ दलित. सुटलेल्या कोड्यामागे एक रुपया. जात न उच्चारता कोडी दिली, तेव्हा दोन्हीकडची मुलं जवळपास सारखीच निघाली. मग काही गटांत कोडी वाटण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव, बाप, आजा आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची सुटलेली कोडी लक्षणीय कमी झाली. कोडी तीच, रुपया तोच. या अभ्यासाचा निबंध २००४ चा आहे.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की "या प्रवर्गाची मुलं उभी राहा" ही हाक आपल्या तालुक्यातल्या वर्गांतून मी स्वतः ऐकलीय. गुरुजींच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना फक्त कागद गोळा करायचे असतात. पण उभं राहिलेलं पोर पुढच्या तासाला गणिताच्या वहीवर वाकतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालू असतं?

हे काम ऑफिसात, एकेकाला बोलावून किंवा पालकांकडून होऊ शकतं. त्याला ना निधी लागतो ना जीआर. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच, पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या गावच्या शाळेत यादी अजून वर्गात वाचली जात असेल, तर मुलाचं नाव न लिहिता मला इनबॉक्समध्ये कळवा.