दोन आवाज, एकच वाहिनी

१९२९ साली सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस हातगाडीवर खुर्ची, छत्री आणि झेंडे लादून धावपट्टीशेजारी ठाण मांडायचा. चौकटींचा झेंडा म्हणजे निघा, लाल म्हणजे थांबा. धुक्यात मात्र झेंडे दिसणार कसे? पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडच्या मनोऱ्यातून रेडिओ बोलू लागला.

या रेडिओची एक अट आजही कायम आहे. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, आणि एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं.

ती अट २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर भयंकर महागात पडली. दाट धुकं होतं. केएलएम या विमान कंपनीच्या जंबो विमानाने परवानगी नसतानाच उड्डाणासाठी धाव घेतली. सहवैमानिकाने मोघम शब्दांत तसं कळवलं. नियंत्रकाला वाटलं, विमान अजून उभंच आहे. तो ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला आणि मग ‘थांबा’ म्हणाला. नेमक्या त्याच वेळी, त्याच धावपट्टीवर असलेल्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानाचे वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगत होते. दोन्ही लहरी एकमेकींवर आदळल्या आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचली ती कर्कश शिट्टी! दोन्ही विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली. एवढ्या मोठ्या संहारात यंत्राचा बिघाड कुठेच नव्हता, ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

त्यानंतर बोलीच बदलली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारतात, एरवी ‘डिपार्चर’. आणि धावपट्टीबाबतची प्रत्येक परवानगी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. नुसतं ‘ओके’ चालत नाही.