मालमोटारींच्या इंजिनातील क्रँककेस वायुवीजन : रोड ड्राफ्ट ट्यूबपासून पीसीव्ही व्हॉल्व्हपर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : क्रँककेस, ब्लो-बाय, रोड ड्राफ्ट ट्यूब, पीसीव्ही व्हॉल्व्ह, वायुप्रदूषण

प्रस्तावना

मोटारवाहनांच्या इतिहासात इंजिनाची शक्ती, वेग आणि इंधनाची बचत यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने इंजिनाच्या पोटात साचणाऱ्या वाफांचे काय होते, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. वास्तविक या वाफा बाहेर कशा काढाव्यात, हा प्रश्न आरंभी केवळ यंत्राच्या आरोग्याचा होता; पुढे तो नागरिकांच्या आरोग्याचा ठरला. हे स्थित्यंतर प्रामुख्याने अमेरिकेत घडले. यंत्राच्या गरजेसाठी तयार असलेला उपाय समाजाच्या गरजेसाठी वापरात येण्यास सुमारे वीस वर्षे का लागली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

समस्येचे स्वरूप

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन होते तेव्हा पिस्टन रिंगांच्या फटीतून काही वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यास ‘ब्लो-बाय’ असे म्हणतात. त्यात न जळालेले पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लधर्मी घटक असतात. एक लिटर पेट्रोल जळाले असता साधारणतः एक लिटर पाणी निर्माण होते. त्यातील बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे निघून जाते. परंतु जो अल्प अंश क्रँककेसमध्ये शिरतो तो थंड इंजिनात तेलाशी मिसळतो आणि चिकट गाळ तयार होतो. तेलाचे मार्ग बुजतात, बेअरिंगे झिजतात, आणि आतील दाब वाढल्यास ऑइल सील व गॅस्केटांतून तेल बाहेर येऊ लागते. म्हणून क्रँककेसला श्वास घेण्यास वाट देणे आवश्यक ठरते.

रोड ड्राफ्ट ट्यूब व तिच्या मर्यादा

यावरील जुना उपाय म्हणजे रोड ड्राफ्ट ट्यूब. शेवरोले कंपनीच्या २१६ व २३५ घन इंच क्षमतेच्या सहा सिलिंडरी इंजिनांत ही रचना स्पष्ट दिसते. इंजिनाच्या बाजूने निघालेली एक नळी गाडीखाली उघडी सोडलेली असे. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडापाशी हवेचा दाब कमी होई आणि वाफा बाहेर ओढल्या जात. ताजी हवा टॅपेट कव्हरवरील तेल भरण्याच्या झाकणातील जाळीतून आत येई. या रचनेत हलणारा एकही भाग नव्हता, त्यामुळे ती स्वस्त व टिकाऊ होती.

तथापि तिचे कार्य सर्वस्वी गाडीच्या वेगावर अवलंबून होते. उभ्या अथवा सावकाश चालणाऱ्या गाडीत हवेची ओढ जवळजवळ नाहीशी होई. मालमोटारीच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवे. कारण चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुथणारी आणि माल उतरवताना इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी म्हणजेच मालमोटार. ज्या इंजिनावर भार अधिक, त्यालाच ही नळी अपुरी पडत असे. शिवाय बाहेर पडणारे तेल रस्त्यावर ठिबके आणि वाफा हवेत मिसळत, ते वेगळेच.

या इंजिनांशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. शेवरोले बनावटीच्या अनेक गाड्या तेथून देशात पोहोचल्या.

युद्धकाळातील पर्याय

दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांना खोल पाण्यातून, चिखलातून व धुळीतून जावे लागे. उघड्या नळीवाटे पाणी आत शिरण्याचा धोका होता. विलिस कंपनीच्या लष्करी जीपमध्ये क्रँककेसमधील वाफा एका झडपेद्वारे इनटेक मॅनिफोल्डमध्ये नेऊन इंजिनातच जाळण्याची योजना होती. येथे ओढ गाडीच्या वेगाची नसून इंजिनाच्या स्वतःच्या शोषणाची होती. त्यामुळे उभ्या गाडीतही वायुवीजन चालू राही. पुढे ‘पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन’ अर्थात पीसीव्ही म्हणून जे प्रसिद्ध झाले, त्याचे तत्त्व हेच. याचा अर्थ १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धातच हा उपाय प्रत्यक्ष वापरात होता. नागरी मालमोटारींत मात्र उघडी नळीच सर्रास कायम राहिली.

धुरक्याचा प्रश्न आणि कायदा

१९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके पसरले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके तयार होते. तरीही सर्वांचे लक्ष सायलेन्सरकडेच होते. वाहनातील हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून बाहेर पडतो, ही गोष्ट १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटारवाहन प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. १९६१ च्या मॉडेलपासून त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींवर आणि १९६३ च्या मॉडेलपासून देशभर हे साधन बसू लागले. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने प्रमुख मोटार उत्पादकांवर खटला भरला. प्रदूषण नियंत्रक साधनांचा विकास व वापर संगनमताने लांबवल्याचा आरोप त्यात होता, आणि पीसीव्ही देशभर बसवण्यास केलेला विलंब हाही त्याचाच भाग होता. सुनावणी न होता त्याच वर्षी तो संमती-आदेशाने मिटला. त्यामुळे आरोपांवर न्यायालयीन निर्णय झाला नाही.

जुन्या इंजिनातील सुधारणा

जुन्या मालमोटारींचे जतन करणारे आज याच तत्त्वाने सुधारणा करतात. रोड ड्राफ्ट ट्यूब काढून त्या जागेवरून पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे इनटेक मॅनिफोल्डला जोड दिला जातो आणि हवा आत येण्याच्या झाकणाला फिल्टर बसवला जातो. व्हॉल्व्हमधील स्प्रिंगचे कार्य येथे महत्त्वाचे आहे. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ तीव्र असताना तो मार्ग आक्रसतो, भार वाढून ओढ कमी झाली की मार्ग मोकळा करतो आणि बॅकफायर झाल्यास तो बंद करून ज्वाला क्रँककेसपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून नुसती नळी जोडणे पुरेसे नाही. व्हॉल्व्ह इंजिनाच्या क्षमतेस अनुरूप नसल्यास मिश्रणात हवा जास्त होऊन आयडलिंग बिघडते. तसेच जोड एकाच सिलिंडरजवळ दिल्यास त्या सिलिंडरचे मिश्रण पातळ होते. २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडचे डिपर तेल उडवत असल्याने तेलाचे थेंब अडवणारा पडदाही लागतो.

सुधारणेची परीक्षा सोपी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून हवा आत येण्याच्या तोंडावर कागद धरल्यास तो ओढला गेला पाहिजे. तो बाहेर ढकलला जात असेल, तर दोष बहुधा झिजलेल्या रिंगांत असतो. त्यावर वायुवीजन हा इलाज नव्हे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, क्रँककेस वायुवीजनाच्या इतिहासात ज्ञानाचा अभाव हा मुख्य अडसर नव्हता. सैन्याला गरज भासताच झडप बसली. नागरिकांच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा मात्र शास्त्रीय पुरावा, मंडळ व कायदा यांची वाट पाहावी लागली. उघडी नळी मालकाच्या दृष्टीने फुकट होती, कारण तिची किंमत रस्त्यावरचे इतर लोक मोजत होते. जड मालमोटारींच्या टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनांना तर टर्बोचार्जर तेलकट होण्याच्या कारणास्तव अमेरिकेत २००७ च्या मॉडेलपर्यंत या बंधनातून सूट होती. यंत्राच्या सोयीसाठी दिलेली सूट कोणाच्या श्वासावर चालते, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने यंत्राच्या प्रत्येक उघड्या नळीपाशी विचारावयास हवा.